सील शाबूत होतं

“मशीन का क्या है भाईसाहब, किसी का भी बटन दबाओ, पीं तो एक ही बोलती है.”

माझ्या पुढचा माणूस गजकवाल्याला हे म्हणाला आणि दोघंही हसले. गजकवाल्याने तराजूत वरचा एक तुकडा टाकला, माणसाने तो तिथेच तोंडात टाकला. मी माझी पाळी येण्याची वाट पाहत मागून येणारा आवाज ऐकत होते. दुकानाच्या पाठीमागे दोन माणसं समोरासमोर उभी राहून गरम तिळगुळाच्या गोळ्यावर लाकडी हातोडे मारत होती. एकाचा हात वर, तेव्हा दुसऱ्याचा खाली. तीळ फुटतात, गूळ ताणला जातो, गोळा चपटा होतो, मग त्याची घडी घालून पुन्हा मारतात. असं मारत राहिलं की गजकेला पापुद्रे सुटतात आणि ती जिभेवर विरघळते. इतकी नाजूक गोष्ट इतका मार खाऊन तयार होते, याची लहानपणी मला गंमत वाटायची.

तिलक नगरच्या या गल्लीत थंडी अशी ऐकू येते. आधी कानाला, मग अंगाला. रजईवाल्याची कापूस पिंजायची तार, शेंगदाणे भाजणाऱ्याची वाळूत फिरणारी कढई, आणि हे हातोडे. दर काही वर्षांनी या आवाजांत आणखी एक मिसळतो, प्रचाराच्या टेंपोचा. कर्ण्यातून आधी गाणं, मग नाव, मग पुन्हा नाव. यंदा तो हिवाळा परत आला आहे. गजकवाल्याने माझ्याकडे पाहून “हां जी, मैडम?” विचारलं, तेव्हा मी डाव्या कानावर हात धरून उभी होते. मार माझ्या कानाला बसला नव्हता. बाबांच्या कानाला बसला होता.

बाबा बँकेत अधिकारी. आम्ही मूळचे अमरावतीचे. मी शाळेत असताना बाबांची बदली जयपूरला झाली आणि आम्ही जवाहर नगरच्या एका इमारतीत राहायला आलो. पुढच्या बदल्यांना बाबा एकटे गेले, मग पुन्हा इथेच आले. मी इंग्रजी शाळेत शिकले. मराठी घरात ऐकली, अक्षरं हिंदीच्या तासाला गिरवली. आमच्या खालच्या मजल्यावर बंसल अंकल आणि आंटी राहायचे, अजूनही राहतात. अंकलचं नळ आणि फरश्यांचं दुकान आहे. मला सायकल त्यांनी शिकवली. संक्रांतीला गच्चीवर मांजा धरायला ते मलाच बोलवायचे, कारण मी बोलत नाही आणि हात हलवत नाही. “बहनजी, आपकी बेटी तो गूंगी गुड़िया है,” ते आईला म्हणायचे. आई हसायची. मीही हसायचे, आवाज न करता.

निवडणुकीत बँकेच्या माणसांना ड्यूटी लागते. मागच्या अशाच हिवाळ्यात बाबांना मतदान केंद्राचं प्रमुख केलं होतं. प्रशिक्षणाहून ते इतके उत्साहात आले की जेवणाच्या टेबलावर त्यांनी अख्खं केंद्र मांडलं. टीव्हीचा रिमोट म्हणजे मतदानाचं यंत्र, आईचा मसाल्याचा डबा म्हणजे मतं साठवणारा भाग. बंसल अंकल चहाला आले होते. ते एका पक्षाचे बूथ एजंट, दर निवडणुकीला कुठल्या ना कुठल्या केंद्रावर दिवसभर बसायचे.

“सकाळी आधी खोटं मतदान करून पाहायचं,” बाबा म्हणाले. “सगळ्या एजंटांसमोर. मग ते पुसायचं, आकडा शून्य दाखवायचा, आणि मग सील. दाब, तू दाब.”

“मी नाही दाबत बापा,” आई म्हणाली. “मला यातला कोणीच पसंत नाही.”

“त्याचंही बटन आहे.”

“आणि तुम्ही पसंत नसले तर?”

अंकल खो खो हसले. मग बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, “देशमुख साहब, सब ठीक है. पर वोट अंदर क्या होता है, ये किसने देखा?”

“सीलवर सही तुमचीच असते, बंसलजी,” बाबा हिंदीत म्हणाले. “तुमच्याच माणसांची.”

“सही कागज़ पर है. वोट अंदर है.”

तेव्हा मला अंकलचं म्हणणं वेडगळ वाटलं नव्हतं, आजही वाटत नाही. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, हे माझं काम. दिवसभर संशय घेण्याचा मला पगार मिळतो. यंत्र चुकूच शकत नाही, असं कुणी म्हणालं की माझ्या भुवया आपोआप वर जातात. पण आमच्या कामात संशयाला शिस्त असते. काय केलं, काय दिसलं, पुन्हा करून दाखव. पुन्हा तेच दिसलं तर मान. न दिसलं तर गप्प बस. कचेरीबाहेरच्या संशयाला मी रस्त्यावर पाहिलं आहे. त्याला हात होते, चप्पल होती, आणि त्याला पुन्हा करून काहीच पाहायचं नव्हतं.

मतदानाच्या दिवशी सकाळी मी पहिल्यांदा मत दिलं. शाळेच्या वर्गात, पुठ्ठ्याच्या आडोशामागे. काचेमागे चिठ्ठी उजळली, मी निवडलेलं चिन्ह दिसलं आणि ती खाली पडली. त्या इवल्या प्रकाशाचं मला फार समाधान वाटलं होतं. बाहेर अंकल भेटले. त्यांनी माझ्या शाईच्या बोटाचा फोटो काढला, रांगेतल्या ओळखीच्या सगळ्यांना कांद्याची कचोरी खाऊ घातली. माझ्या कचोरीचा कागद तेलाने पारदर्शक झाला होता. “पापा कहाँ लगे हैं?” त्यांनी विचारलं. मी केंद्राचं नाव सांगितलं. “अच्छा, मेरे बाजू में,” ते म्हणाले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून आपल्या बूथवर गेले.

संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमाराला, बाबांचा फोन आला. मतदान आटोपलं होतं, यंत्राची सील केलेली पेटी घेऊन ते जमा करायला निघाले होते आणि आमच्याच वस्तीच्या रस्त्यावर त्यांची भाड्याची जीप पंक्चर झाली होती. त्यांना मधुमेह आहे. दुपारपासून पोटात काही नव्हतं, साखर उतरत चालली होती. “चाक होईपर्यंत दोन घास खातो,” ते म्हणाले. “मिनीला डबा घेऊन पाठव. खिडकीतून दे म्हणा, मी उतरत नाही.”

आईने पोळ्या आणि मेथीची भाजी स्टीलच्या डब्यात भरली. डबा कापडी पिशवीत. मी पिशवी छातीशी धरून निघाले, कारण डबा गरम होता आणि हवा बोचरी होती.

आता मला कळतं, ते कसं दिसलं असेल. अंधुक उजेडात उभी राहिलेली एक जीप. तिच्यावर निवडणुकीचा कागद. ड्रायव्हर आणि होमगार्ड चाकाशी वाकलेले. आणि एक मुलगी इकडे तिकडे बघत येते, छातीशी चौकोनी काहीतरी धरून, ते खिडकीतून आत सरकवते. मी इकडे तिकडे बघत होते, कारण रस्ता ओलांडायचा होता.

“थैला अंदर गया!” पलीकडच्या पानाच्या टपरीवरून कुणीतरी ओरडलं. “मशीन बदल रहे हैं!”

माणसं कुठून येतात? रस्ता तर रिकामा होता. मी वळून पाहिलं तेव्हा जीपच्या भोवती दाट माणसं होती आणि सगळ्यांचे मोबाइल वर. होमगार्डची काठी आधीच कुणाच्या तरी हातात गेली होती. बाबा खाली उतरले आणि दाराला पाठ लावून उभे राहिले. आतून त्यांच्या सोबतचे शाळामास्तर “खोलिए मत, खोलिए मत” म्हणत होते.

“थैला दिखाओ!”

बाबांनी खिडकीतून पिशवी बाहेर मागवली. कुणीतरी ती हिसकावली. डबा उघडला, पोळ्या रस्त्यावर पडल्या, भाजीवर एक बूट पडला. मेथीचा वास आला. मला वाटलं, झालं. आता दिसलं ना सगळ्यांना. आता हसतील आणि जातील.

“खाना तो बहाना है,” एक बाई म्हणाली. खांद्यावर शाल, हातात भाजीची पिशवी, माझ्या शाळेतल्या कुठल्याही बाईंसारखी. “असली चीज़ अंदर रख ली.”

त्या क्षणी मला समजलं की आता दाखवण्यासारखं काही उरलं नाही. संशय आत शिरला की पुरावासुद्धा कारस्थानाचा भाग होतो. पोळी सापडली म्हणजे पोळी मुद्दाम ठेवली होती. नसती सापडली तर यंत्र होतं. दोन्हीकडून बाबाच.

पहिला दगड जीपच्या काचेला लागला. काच फुटण्याआधी क्षणभर पांढरी झाली. दुसरा बाबांच्या खांद्याला. मी ओरडले, मराठीत ओरडले, कारण भीतीला माझ्याजवळ तेवढीच भाषा होती. “बाबा, पेटी देऊन टाका त्यांना!”

“क्या बोल रही है ये? बाहर के हैं. आपस में इशारा कर रहे हैं.” कुणीतरी माझा दंड धरला. बोटं हाडापर्यंत रुतली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. असं त्यांनी माझ्याकडे कधीच पाहिलं नव्हतं, चिडून, परक्यासारखं. मी पेटी देऊन टाका म्हणाले, ते अजूनही मला चूक वाटत नाही. लोखंड, प्लास्टिक, लाख आणि दोरा. बापापेक्षा काय मोठं असतं त्यात? पण बाबा दारावरून हलले नाहीत. कुणी त्यांची कॉलर धरली, शर्टाची बटणं तुटली. कुणी मागून गुडघ्यावर लाथ घातली. ते खाली बसले, पुन्हा उठले, पुन्हा पाठ दाराला लावली. त्यांचा चष्मा पडला आणि गर्दीत चिरडला गेला.

मग बंसल अंकल आले. बूथवरून परतत होते, गळ्यात पक्षाचा पट्टा. मी त्यांना पाहिलं आणि मला वाटलं, सुटलो. बाबांनी चष्म्याशिवायही आवाजावरून ओळखलं असावं, कारण ते चक्क हसले.

“देशमुख साहब,” अंकल म्हणाले, “पेटी खोल के दिखा दो. बात खत्म.”

“नहीं खोल सकता, बंसलजी. सील है. आपके ही आदमी की सही है.”

“हमसे क्या छुपाना?”

“छुपाना नहीं है. खोल नहीं सकता.”

अंकलच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं ते राग नव्हता. रागाआधीचं काहीतरी होतं. ज्याच्या घरी आपण चहा पितो, तो आपल्याला फसवतो आहे, असं वाटलेल्या माणसाचा अपमान. ते खाली वाकले. रस्त्यावरून त्यांनी आमचा डबा उचलला, रिकामा, जड बुडाचा, आईच्या नावाची अक्षरं कोरलेला. आणि बाबांच्या डाव्या कानावर मारला. पूर्ण हात मागे नेऊन. एकदा. बाबा कोसळल्यावर, वाकून, पुन्हा.

स्टीलचा आवाज घंटेसारखा येतो. मेथीची एक ओली काडी अंकलच्या मनगटाला चिकटली होती.

पोलिसांची गाडी आली तेव्हा सगळे पांगले. रुग्णालयात शुद्धीवर आल्यावर बाबांनी आधी विचारलं, “पेटी?” मास्तरांनी सांगितलं, जमा झाली, सील शाबूत आहे. बाबांनी डोळे मिटले. कानातून रक्त मानेवर सुकलं होतं. मग म्हणाले, “डबा गेला वाटते तुमचा.” आई त्यांच्यावर इतकी चिडली की नर्सने तिला बाहेर नेलं.

पोलीस ठाण्यात मला विचारलं, थैल्यात काय होतं?

“डब्बा.”

“डब्बा किसने देखा?”

सगळ्यांनी पाहिला, मी म्हणाले, रस्त्यावर सांडला होता. “नहीं, देने से पहले.” आईने भरला. “माँ तो माँ है,” असं म्हणून साहेबांनी काहीतरी लिहिलं. चेहऱ्यांबद्दल कुणी विचारलंच नाही. गर्दीने मारलं, असं त्यांनी आधीच ठरवलं होतं.

पुढे मतमोजणी झाली. बाबांच्या यंत्राचा आकडा त्यांनी नोंदवलेल्या मतांशी जुळला. या बातमीचा कुणी व्हिडिओ काढला नाही. ‘थैलेवाली लड़की’चा व्हिडिओ मात्र माझ्या ऑफिसातल्या मुलानेच मला पाठवला, खाली हसणारा चेहरा लावून. त्याला माहीत नव्हतं. मी त्याला हसणारा चेहराच परत पाठवला. मला कुणाशी काही उलगडून बोलता येत नाही, ही माझी जुनी सवय आहे.

त्याच व्हिडिओवरून पोलिसांनी काही लोकांची नावं शोधली. अंकलचंही. चित्रात त्यांची फक्त पाठ दिसते आणि वर गेलेला एक हात. ते सांगतात, मी लोकांना आवरत होतो. सगळी वस्ती ते मानते. का मानू नये? दसऱ्याला, होळीला पहिला हात त्यांचाच पुढे असतो. बाबांना डबा सांडला तिथपर्यंतच आठवतं, कोणी मारलं ते नाही. डाव्या कानाने त्यांना आता ऐकू येत नाही. ते माणसांना उजवीकडे बसवतात, आणि जिन्यात अंकल डावीकडून हाक मारतात तेव्हा बाबा पुढे निघून जातात. अंकलना वाटतं, राग आहे. बाबांना राग नाही, ऐकूच येत नाही.

राग माझ्याकडे आहे. गप्प माणसांच्या आत शांतता असते, हा लोकांचा गैरसमज आहे. मी मनात बंसल अंकलना पुष्कळ वेळा मारलं आहे. स्कूटरवरून ओढून, जिन्यावरून ढकलून, त्यांच्याच दुकानातल्या पितळी नळाने. एकदा गजक कुटणाऱ्यांकडे पाहता पाहता मी मनातच हातोड्यांखालच्या फरशीवर अंकलचा उजवा हात ठेवला होता. मग गजक घेऊन घरी आले, आणि आंटींनी दार उघडून “ठंड बढ़ गई बेटा” म्हटल्यावर “जी आंटी” म्हणाले. त्या जमावातल्या कुणाहून मी फार वेगळी आहे, असं मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. फरक इतकाच की मी खरंच पाहिलं आहे. आणि तेही तर हेच म्हणत होते, आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

म्हणून मी स्वतःची तपासणी केली, कामावर करते तशी. उजेड किती होता? टपरीचा बल्ब लागलेला होता. अंतर? हात लांबवला असता तर अंकलची बाही धरता आली असती. मध्ये कुणी होतं? माझा दंड धरणारा माझ्या मागे होता, पुढे नव्हता. आधीपासून त्यांच्याबद्दल मनात काही होतं? सायकल होती. कचोरी होती. पुन्हा पाहिलं. पुन्हा तेच दिसलं.

केस इतकी वर्षं रखडली आणि साक्षीची तारीख आली ती नेमकी या हिवाळ्यात, टेंपो फिरत असताना. यंदाच अंकलच्या मुलाचं लग्न आहे. आंटी वर आल्या, माझा हात हातात घेऊन बसल्या. “बेटा, घर में शादी है. सोच के बोलना.” आई त्यांच्यापुढचा चहाचा कप उचलून आत घेऊन गेली, भरलेला. जिन्यात अंकल भेटले. मफलर सारखा करत म्हणाले, “जो देखा वही बोलना बेटा. झूठ मत बोलना.” ते मला धमकावत होते की विनवत होते, ते मला कळलं नाही. कदाचित त्यांचा स्वतःचाच आता विश्वास बसला असेल की तो हात आवरायला वर गेला होता.

“तुला नाही जमत तर नको जाऊ,” बाबा सकाळी म्हणाले. मी त्यांच्या उजवीकडे बसले होते. “मशीन पोचली. माझं काम झालं.”

“आणि माझं?” मी विचारलं.

कोर्टाची खोली मला वाटली होती त्याहून लहान होती. अंकल भिंतीशी उभे होते, इतरांबरोबर, हात जोडून. मला डबा देण्याबद्दल विचारलं, मी सांगितलं. गर्दीबद्दल विचारलं, सांगितलं. माझ्याजवळ काचेमागे उजळणारी चिठ्ठी नव्हती. सील नव्हतं, कुणाची सही नव्हती. मी काय पाहिलं ते माझ्या आत होतं आणि ते उघडून दाखवता येत नव्हतं. बाबा दाराला पाठ लावून उभे होते तेव्हा त्यांच्याजवळही एवढंच होतं, माझ्यावर विश्वास ठेवा, एवढंच.

“जिसने मारा, वो यहाँ मौजूद है?” सरकारी वकिलांनी विचारलं.

मी उत्तर दिलं. बाहेरून प्रचाराचा टेंपो जात होता, कर्ण्यात कुणाचं तरी नाव, पुन्हा नाव. टाइप करणाऱ्या माणसाने बोटं थांबवून वर पाहिलं. “मैडम, ज़ोर से. कुछ सुनाई नहीं दिया.”

मी टेंपो जाऊ दिला. अंकल माझ्याकडे पाहत होते, गच्चीवर मांजा माझ्या हातात देताना पाहायचे तसे.

“बंसल अंकल ने,” मी म्हणाले. “दो बार.”